२.० परत बघितला: चिमण्या खऱ्या, गुन्हेगार चुकीचा

गेल्या रविवारी बहिणीचा पोरगा घरी आला होता, बाहेर पावसानं धरलेलं, कुठं जायची सोय नाही, आणि त्याला रोबोट बघायचा होता. म्हणून दुपारी पहिला रोबोट लावला आणि तो संपल्या संपल्या पोरगं म्हणतंय "मामा, दुसरा पण लाव की", मग चहा झाल्यावर २.० पण लावला. दोन्ही पिक्चर एकाच दिवशी एकापाठोपाठ मी स्वतःसुद्धा पहिल्यांदाच बघितले. २०१८ ला थिएटरमधनं बाहेर पडताना मनाला काहीतरी खटकत होतं पण नेमकं सांगता येत नव्हतं, ते परवा कळलं. म्हणून इतक्या वर्षांनी हा रिव्ह्यू.

आधी एक सांगतो, ह्या दोन्ही पिक्चरचा दिग्दर्शक शंकर, त्याचा मी जुना फॅन आहे. आमच्या वयाच्या पोरांना शंकर हे नाव कळायच्या आधी त्याचे पिक्चर पाठ होते. हिंदुस्तानी, नायक, अपरिचित हे तिन्ही टीव्हीवर किती वेळा बघितले ह्याचा हिशोब नाही. नायक २००१ ला आला तेव्हा थिएटरात फारसा चालला नव्हता पण नंतर टीव्हीवर घराघरात बसला, अजून कुठल्या ऑफिसात काम अडलं की कोणतरी म्हणतंच की मला एक दिवसाचा मुख्यमंत्री करा. अपरिचित लागला की आमच्या गल्लीत संध्याकाळी रस्त्यावर पोरं दिसायची नाहीत. हे प्रेम आहे म्हणूनच पुढचं लिहितोय, कुणाला खाली पाडायचं म्हणून नाही.

आता २.० ची वाट किती बघितली ते. पहिला रोबोट आला १ ऑक्टोबर २०१० ला. दुसऱ्याचं शूटिंग सुरू झालं २०१५ च्या डिसेंबरात. २०१६ च्या नोव्हेंबरात मुंबईत फर्स्ट लूक दाखवला, त्यात अक्षय कुमारचा तो पिसांचा, लाल डोळ्यांचा अवतार बघून आम्ही वेडे झालेलो. तेव्हा सांगितलेलं २०१७ च्या दिवाळीत येणार. मग ते झालं जानेवारी २०१८, मग एप्रिल, आणि शेवटी २९ नोव्हेंबर २०१८. व्हीएफएक्सची कामं वेळेत होईनात हे कारण. खर्च पाचशे कोटींच्या वर गेल्याचं सांगितलं गेलं, त्यावेळी भारतातल्या कुठल्याच पिक्चरवर एवढा पैसा लागला नव्हता. म्हणजे पहिला भाग बघितला तेव्हा माझ्या हातात बटणाचा फोन होता आणि दुसरा आला तेव्हा माझं कोल्हापुरात राजारामपुरीत स्वतःचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान होऊन तीन वर्षं झालेली. हे दुकानाचं मुद्दाम सांगतोय, कारण पिक्चर सगळा मोबाईलवरच आहे आणि माझं पोट पण मोबाईलवरच आहे.

२०१८ ला आम्ही चौघं मित्र दुकान लवकर बंद करून गेलेलो. थिएटरचं नाव घेत नाही, पण थ्रीडीचा चष्मा लावला की पडद्यावर दिवेलागणीला दिसतं तसं सगळं अंधुक दिसत होतं, माझ्या चष्म्याच्या एका काचेवर तर ओरखडा होता, इंटरव्हलला बदलून मागितला तर म्हणे शिल्लक नाहीत. ह्याचं वाईट जास्त वाटायचं कारण म्हणजे हा पिक्चर नंतर कॉम्प्युटरवर थ्रीडी केलेला नाही, शूट करतानाच थ्रीडी कॅमेऱ्यांनी शूट केलाय, नीरव शाहनं. चष्म्यानं प्रकाश कमी होतोच, त्यात प्रोजेक्टरचा उजेड कमी ठेवला तर तीन वर्षांची मेहनत मातीत जाते. ज्यांनी तेव्हा अंधुक बघितला असेल त्यांनी घरी चांगल्या टीव्हीवर साधा टूडी बघा, रंग आणि बारकावे पहिल्यांदा दिसतील, मला तरी परवाच दिसले.

गोष्ट थोडक्यात. पहिल्याच सीनमध्ये एक म्हातारा माणूस मोबाईलच्या टॉवरवर चढून गळफास घेतो. मग चेन्नईत लोकांच्या हातातले फोन अचानक उडून जायला लागतात, गल्लीतले, दुकानातले, सगळे आभाळात. फोनांची झुंड मोबाईलच्या होलसेलरला मारते, मग नेटवर्क कंपनीच्या मालकाला, मग मंत्र्याला. डॉक्टर वसीला, म्हणजे रजनीकांतला, पहिल्या भागातला मोडून ठेवलेला रोबोट चिट्टी परत जोडायची परवानगी मिळते. पुढं कळतं की ह्या सगळ्यामागं तोच म्हातारा, पक्षीराजन, पक्ष्यांसाठी आयुष्य घालवलेला प्रोफेसर.

पहिला पाऊण तास कुणी काय पण म्हणो, मला अजून आवडतो. फोन उडून जातानाचा सीन आहे ना, तो बघताना माझ्या अंगावर काटा आला, ह्यावेळी पण आला. रात्रीच्या अंधारात हजारो फोन स्क्रीन चालू ठेवून जमिनीवरनं सरपटत येतात, एकमेकांवर चढतात, त्यांचा रस्ता होतो, भिंत होते आणि शेवटी पंख पसरलेला अवाढव्य पक्षी होतो. माझ्या दुकानात काउंटरखाली एक ड्रॉवर आहे, त्यात लोकांनी टाकून दिलेले डेड सेट आहेत, फुटलेले कॉम्बो म्हणजे टचसकट डिस्प्ले, फुगलेल्या बॅटऱ्या, पाणी गेलेले बोर्ड, दुरुस्तीचा खर्च ऐकून "राहू दे तुमच्याकडंच" म्हणून सोडून गेलेले. हा सीन बघितल्यावर दुसऱ्या दिवशी तो ड्रॉवर उघडला तर मला एकदम ते सगळे सरपटायला लागल्यासारखे वाटले. एखादा सीन रोजची वस्तू वेगळी दाखवतो आणि नंतर ती वस्तू तुम्हाला पूर्वीसारखी दिसतच नाही, ही ताकद शंकरमध्ये आहे आणि ती २०१८ पर्यंत होती हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आणि दुसरी ताकद म्हणजे पक्षीराजनचा फ्लॅशबॅक. अक्षय कुमारचा हा रोल मला त्याच्या सगळ्यात चांगल्या कामांमधला वाटतो. पांढरी दाढी, चष्मा, वाकलेली पाठ, हे रूप पक्षीतज्ज्ञ सलीम अलींवरनं घेतलंय हे बघताक्षणी कळतं. (सलीम अलींनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, पिवळ्या गळ्याची, ती कुठली हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथनं त्यांचं सगळं आयुष्य पक्ष्यांकडं वळलं.) पिक्चरमधल्या पक्षीराजनला पण जन्मताना चिमणीच जीवदान देते. मग तो मोठा होतो, पक्ष्यांना घर देतो, आणि एकेक पक्षी त्याच्या डोळ्यासमोर पडायला लागतो. तो कंपन्यांकडं जातो, मंत्र्याकडं जातो, कोर्टात जातो, प्रत्येक ठिकाणी त्याला हात हलवत परत यावं लागतं. मेलेली पिल्लं ओंजळीत घेऊन तो बसतो तेव्हा भाचा माझ्या शेजारी एकदम गप्प झाला. वीसेक मिनिटांचा हा भाग असेल, पण अख्ख्या पिक्चरमध्ये माणूस म्हणून जो भेटतो तो इथंच भेटतो.

आता चिमण्यांचं बोलतो, कारण मला खटकलं ते इथंच.

आमचं जुनं घर शिवाजी पेठेत, कौलारू, माळवदाची खोली, भिंतीवर आजोबा-पणजोबांचे फोटो पुढं वाकवून लावलेले. त्या फोटोंच्या मागं दरवर्षी चिमणीचं घरटं. खाली जमिनीवर काड्या पडायच्या, आई सकाळी झाडायची आणि दुपारपर्यंत परत तेवढ्याच पडायच्या, पण घरटं काढायची आजीची कुणालाच परवानगी नव्हती. उन्हाळ्यात घामानं आंघोळ झाली तरी त्या खोलीतला फॅन लावायचा नाही, कारण पिल्लू उडायला शिकताना पात्यात येतं. आजी सोप्यात तांदूळ निवडायला बसली की कणी अंगणात टाकायची आणि चिमण्या तिच्या सुपापासून हातभर लांब येऊन टिपायच्या. २००९ ला घर पाडून तिथं अपार्टमेंट झालं. स्लॅबचं छत, ग्रिलच्या खिडक्या, फोटो भिंतीला सपाट चिकटवलेले, तांदूळ निवडून पॅकेटमधनं येतो. चिमणीनं घर कुठं करायचं आणि खायचं काय? त्याच सुमारास समोरच्या बिल्डिंगवर टॉवर उभा राहिला, आणि आई अजून म्हणते की टॉवर आला आणि चिमण्या गेल्या. दोन्ही गोष्टी एका वर्षात झाल्या म्हणून तिला तसं वाटतं, पण मी ते घर पाडताना बघितलंय, पहार मारल्यावर कौलांच्या खालनं घरट्याचा ढीग पडलेला मी स्वतः गोळा केलाय.

शंकरनं नेमकं आईचं म्हणणं घेतलं आणि त्यावर पाचशे कोटी लावले. प्रश्न खोटा नाही हे मी मान्य करतो, पर्यावरण मंत्रालयानं २०१० ला टॉवरचा पक्ष्यांवर आणि मधमाश्यांवर काय परिणाम होतो हे तपासायला समिती नेमलेली, भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणलेली आहे, म्हणजे काळजी करणारी माणसं खरी होती. पण "टॉवरनं पक्षी मरतात" असं पिक्चर जितकं ठोकून सांगतो तितका ठोक पुरावा नाही. २०२० ला देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून जास्त नोंदी एकत्र करून भारतातल्या पक्ष्यांचा रिपोर्ट निघाला, त्यात चिमण्यांची संख्या देशभर मिळून बघितली तर साधारण टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र घटली आहे असं आलं, आणि जाणकार कारणं सांगतात ती घरट्याला जागा नसणं, पिल्लांना भरवायला किडे न मिळणं अशी. रिलीजच्या तोंडावर मोबाईल कंपन्यांच्या संघटनेनं सेन्सॉरकडं तक्रार केली होती की पिक्चर चुकीचं पसरवतोय. कंपन्यांची बाजू मला घ्यायची नाही, पण त्यांच्या हातात एवढी सोपी तक्रार दिली कुणी?

माझ्या धंद्यातली एक साधी गोष्ट सांगतो. टॉवर जितका लांब तितका फोन जास्त जोर लावतो. गगनबावड्याकडं गेल्यावर रेंज नसताना बॅटरी पटापट उतरते ती त्यामुळंच, सेट गरम होतो तो त्यामुळंच. म्हणजे टॉवर कमी केले की सगळं सुटलं असं नाही, प्रश्न गुंतागुंतीचा आहे. हा गुंता पिक्चरमध्ये कुणीतरी मांडायला पाहिजे होता. डॉक्टर वसी शास्त्रज्ञ आहे ना, त्यानं पक्षीराजनला एकदा तरी विचारायला पाहिजे होतं की प्रोफेसर, तुमची वेदना खरी आहे, पण कारण नक्की हेच का? दोन अभ्यासू माणसं समोरासमोर, दोघंही प्रामाणिक, असा सीन झाला असता तर पिक्चर कुठल्या कुठं गेला असता. त्याऐवजी ऑरा म्हणजे अंगाभोवतीचं तेजोवलय, पॉझिटिव्ह एनर्जी, निगेटिव्ह एनर्जी असलं काहीतरी येतं आणि मेलेल्या माणसाचा आत्मा मशीननं बाटलीत भरतात. ऑराचे फोटो म्हणून जे दाखवतात ते किरलियन फोटोग्राफीचे असतात, १९३९ ला रशियातल्या किरलियन नावाच्या इलेक्ट्रिशियनला सापडलेली पद्धत, हाय व्होल्टेज दिल्यावर वस्तूच्या कडेनं जी चमक उमटते तिचा फोटो, तो नाण्याचा पण निघतो. नाण्याला कुठला आत्मा? सायन्स फिक्शनमध्ये कल्पना पाहिजे तेवढी ताणा, पण एकदा भूतच आणलं की मग रोबोटची गरज काय राहिली.

आणि ह्याच दिग्दर्शकानं पहिल्या रोबोटमध्ये हे किती सुंदर केलं होतं! आगीचा सीन आठवा. चिट्टी जळत्या बिल्डिंगमधनं लोकांना बाहेर काढतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि मग तो आंघोळ करत असलेल्या पोरीला तशीच उचलून कॅमेऱ्यांसमोर आणतो. त्याला कळतच नाही की जीव वाचवला तरी काहीतरी वाचवायचं राहून गेलं. ती पोरगी लाजेनं पळते आणि गाडीखाली जाते. ह्या एका सीनमध्ये मशीनला काय जमतं आणि काय जमत नाही ते सगळं आलं, एक शब्द न समजावता. परवा भाच्यानं विचारलं, "मामा, पण त्याची चूक काय होती?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. चौथीतलं पोरगं, त्याला हा प्रश्न पडला. २.० संपल्यावर त्यानं एकच विचारलं, ते छोटे रोबोट विकत मिळतात का.

शेवटचा म्युझियमचा सीन पण तसाच. मोडून ठेवलेल्या चिट्टीला शाळेतली पोरगी विचारते तुला का मोडलं, आणि तो सांगतो की मी विचार करायला लागलो होतो म्हणून. आज सगळीकडं एआय एआय चाललंय, तेव्हा २०१० ला हा माणूस हे सांगून गेला.

मग आठ वर्षांत झालं काय? माझं मत असं की सुजाता गेले. सुजाता म्हणजे तमिळ लेखक एस. रंगराजन, बायकोच्या नावानं लिहायचे. पेशानं इंजिनिअर, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, आपण ज्या मशीनवर मतदान करतो ते मशीन तयार करण्यात त्यांचा मोठा हात. हिंदुस्तानीचं मूळ इंडियन, नायकचं मूळ मुदलवन, अपरिचितचं मूळ अन्नियन, शिवाजी, आणि पहिला रोबोट, ह्या सगळ्यांचं लिखाण त्यांच्याकडं होतं. २७ फेब्रुवारी २००८ ला ते गेले, रोबोट पडद्यावर आलेला त्यांनी बघितला नाही. आता हे वाचून परत मागं वळून बघा, शंकरचे जे पिक्चर आपल्या डोक्यात घर करून आहेत ते बहुतेक ह्याच यादीत सापडतील. मोठं स्वप्न बघायचं काम शंकरचं आणि त्या स्वप्नाला "हे असं का?" म्हणून विचारायचं काम सुजातांचं, असं मी समजतो. २.० चे संवाद जेयमोहन यांचे आहेत, तो मोठा लेखक आहे, पण स्वप्न बघणाऱ्याला अडवणारं कुणी उरलं नव्हतं असं पिक्चर बघताना सारखं वाटतं.

हिंदुस्तानीतला म्हातारा का पेटतो? पोरगी भाजलेली असते, दवाखान्यात लाच मागतात, तो देत नाही, पोरगी जाते. नंतर पोटच्या पोरानं लाच खाऊन ब्रेक नसलेली बस पास केली आणि शाळेतली लेकरं मेली म्हणून तो पोराला पण सोडत नाही. आपल्यातल्या प्रत्येकानं कुठल्यातरी टेबलासमोर फाईल घेऊन उभं राहिल्यावर जो राग गिळलाय तोच राग होता तो. शंकरचा पिक्चर लाईनमध्ये उभ्या असलेल्या माणसापासून सुरू व्हायचा आणि मग आभाळाला जायचा. २.० आभाळातच सुरू होतो आणि माणूस मधे वीस मिनिटं भेटून जातो. त्यानंतरचे पिक्चर तर मला तेवढे पण देऊन गेले नाहीत. इंडियन २ आला १२ जुलै २०२४ ला, पहिल्यानंतर तब्बल २८ वर्षांनी, मधे शूटिंगच्या सेटवर क्रेन पडून तीन माणसं गेली, सगळं थांबलं, परत सुरू झालं. रिलीज झाल्यावर बारा मिनिटं कापून परत लावला. मी कापायच्या आधीचा बघितला, सेनापती, म्हणजे हिंदुस्तानीतला तोच म्हातारा, परत आला पण त्याच्या रागाला घर नव्हतं. मग १० जानेवारी २०२५ ला गेम चेंजर, राम चरण असून, तो पण आपटला. लोक आता शंकरचं नाव काढलं की खर्च आणि गाणी ह्यावरच बोलतात, आमच्या दुकानात येणारी कॉलेजची पोरं त्याला "तो पैसे उडवणारा" म्हणून ओळखतात, आणि मला ते ऐकवत नाही. अरे, ह्या माणसानं तुमच्या बापाला एका दुपारी खुर्चीला खिळवून ठेवलं होतं.

हे बोलायचा आपल्याला कोल्हापूरकरांना जरा जास्त हक्क आहे असं मी मानतो. खरी कॉर्नरला जो कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे त्याच्यासमोरनं मी रोज गाडीवरनं जातो. आपल्या कोल्हापूरचे जुने दिग्दर्शक बाबूराव पेंटर, त्यांनी कॅमेरा स्वतः बनवला, १९२० ला सैरंध्री काढला, त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता की सेन्सॉरनं तो कापायला लावला. म्हणजे डोळे दिपवायची कला त्या माणसाकडं शंभर वर्षांपूर्वी होती. पण १९२५ ला त्यांनीच सावकारी पाश काढला, कर्जापायी जमीन गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट, आणि आज लोक नाव काढतात ते त्याचं. भव्य सेट करू शकणाऱ्या माणसानं शेतकऱ्याच्या खोपटाकडं कॅमेरा वळवला. शंकरकडं अजून कॅमेरा आहे, पैसा लावणारी माणसं आहेत, फक्त त्यानं परत तिकडं वळावं एवढंच मला म्हणायचंय.

बाकी पटापट. रजनीकांतबद्दल मी काय सांगू, शिवाजीराव गायकवाड, आपला माणूस, शूटिंग चालू असताना पासष्टी ओलांडलेली. साधा डॉक्टर वसी, भोळा चिट्टी, आणि लाल चिप बसवल्यावर माजलेला चिट्टी २.०, तिन्ही वेगळे दिसतात, आणि तो माजलेला पडद्यावर आल्यावर थिएटरात आमच्या मागच्या रांगेनं खुर्च्या डोक्यावर घेतलेल्या. पण तो येतो फार उशिरा. स्टेडियममधली शेवटची मारामारी लांबलीय, एवढं मोठं काहीतरी एवढ्या मोठ्या कशालातरी धडकत राहिलं की डोळे थकतात, भाचा त्यातच दोनदा पाणी प्यायला उठला. कबुतरांवर बसून येणारे बोटाएवढे छोटे चिट्टी मात्र झकास कल्पना आहे, पक्ष्यांसाठी लढणाऱ्याला पक्षी समोर आणून अडवायचं, इथं जुना शंकर चमकून जातो. ॲमी जॅक्सनची नीला रोबोट आहे म्हणून चेहरा कोरा ठेवलाय, ठीक आहे, पण पहिल्या भागात ऐश्वर्याची सना होती तेव्हा चिट्टीच्या वेडाला कारण होतं, इथं सना फक्त फोनवरच्या आवाजापुरती. ए. आर. रहमानची गाणी मधे न घुसडता जवळपास बाजूला ठेवली हे चांगलं केलं, फ्लॅशबॅकमधलं पक्ष्यांचं गाणं तेवढं मनात राहतं.

लहान पोरांना दाखवणार असाल तर फोन माणसांना मारतात ते सीन शेजारी बसून दाखवा, सहा-सात वर्षांच्या आतलं पोरगं रात्री उशाला फोन ठेवू देणार नाही. पहिला बघितला नसेल तर आधी तोच बघा, आणि त्याच दिवशी नको, मधे दोन दिवस जाऊ द्यात म्हणजे तुलना कमी होईल. माझ्याकडनं पाचपैकी तीन, त्यातला दीड एकट्या पक्षीराजनचा.

पिक्चर संपल्यावर पुढच्या भागाची चाहूल लागेल असा छोटा चिट्टी ३.० येतो. तो भाग कधी आलाच तर आठ वर्षं लागू देत नाहीतर दहा, मी पहिल्या दिवशी दुकानाला कुलूप लावून जाणार आहे, आणि भाच्याचं तिकीट पण मीच काढणार आहे.